खाऱ्या टाकीतला पंप बंद पडतो तेव्हा

टाकीत हात घातला आणि नखाजवळ जिथे कातडी सोललेली आहे नेमकं तिथेच चुरचुरलं, तर बहुतेक जण मिठाला दोष देऊन मोकळे होतात. मिठाने चुरचुरतं हे खरंच. पण ते हात पुसल्यावरही थोडा वेळ राहतं. करंटची चुरचुर हात काढताक्षणी थांबते. दुसरी तक्रार याहून जास्त ऐकू येते. रात्री लाईट गेली, पहाटे आली, दिवे लागले, स्किमर सुरू झाला, रिटर्न पंप मात्र नुसता घुमतोय आणि पाणी वर चढत नाही.

पहिल्या तक्रारीसाठी वायरमनला फोन जातो, दुसरीसाठी फिशटँकवाल्याला. माझ्या मते त्या बऱ्याचदा एकाच दुखण्याच्या दोन अवस्था असतात. पंपात चुना साठतो, रोटर अडकतो, अडकलेल्या पंपाची कॉइल तापते, तापून-निवून तिच्याभोवतीच्या इपॉक्सीला बारीक चीर जाते आणि तिथून खारं पाणी आत शिरतं. चुना वेळेवर काढणाऱ्यावर करंटची वेळ सहसा येत नाही. म्हणून दोन्ही गोष्टी इथे एकत्र घेतल्या आहेत. हाताळताना क्रम मात्र सोडू नये: आधी वीज, मग पाण्याची हालचाल, मग पंपाची दुरुस्ती.

आधी प्लग, मग हात

समुद्राच्या पाण्यात लिटरमागे साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात, आणि ते नळाच्या पाण्याच्या शंभरपट किंवा त्याहून जास्त सहज वीज वाहून नेतं. गोड्या पाण्याच्या टाकीत वर्षानुवर्षं खपून गेलेली ढिलाई इथे खपत नाही. चिरलेली वायर किंवा फुटलेला हीटर खाऱ्या पाण्यात असेल, तर सगळी टाकीच फेजला जोडली गेली असं समजा. मासे मजेत पोहताहेत म्हणजे करंट नाही, हे गणितही चुकीचं आहे. तारेवर बसलेल्या कावळ्याला काही होत नाही, तसंच माशांचं; त्यांच्या अंगातून वीज जमिनीकडे जायला वाटच नसते. ती वाट तुम्ही ओल्या फरशीवर अनवाणी उभे राहून आणि पाण्यात हात घालून तयार करता.

शंका आली की बोर्डावरची बटणं बंद करून थांबू नका, प्लग उपटा. आपल्याकडे सॉकेटचं बटण एकच तार तोडतं. वायरिंग बरोबर असेल तर ती तार फेजची असते. जुन्या इमारतीत, किंवा भाडेकरूने परस्पर वाढवून घेतलेल्या पॉइंटला, फेज आणि न्यूट्रल उलटे असणं मुळीच दुर्मिळ नाही. मग बटण बंद असूनही पंपाच्या कॉइलपर्यंत फेज पोचलेला राहतो. बोर्डच ओला झाला असेल, कॅबिनेटमध्ये पाणी साठलं असेल किंवा जळकट वास येत असेल, तर प्लगलाही हात लावायचा नाही. सरळ मीटरजवळच्या मेन स्विचकडे जायचं, तो पाडायचा आणि मग येऊन प्लग काढायचे. पायात कोरडी रबरी चप्पल असावी आणि एक हात मोकळा, कशालाही न टेकलेला.

टेस्टरवर विसंबू नये. निऑनचा टेस्टर पाण्याला लावला की मिणमिणतो आणि घरात घबराट पसरते. तो अगदी क्षुल्लक, निरुपद्रवी विद्युतभारानेही पेटतो आणि उजेडात बसून पाहिलं तर खरा फेज असूनही दिसत नाही.

आरसीसीबी आहे का, आणि तो पडतो का

घरातला एमसीबी वायरींना वाचवतो, माणसांना नाही. ६ किंवा १६ अँपिअरच्या एमसीबीला शॉर्ट सर्किट नाहीतर जादा लोड लागतो, तेव्हा तो पडतो. माणसाला १ मिलिअँपिअरच्या आसपास झिणझिण्या जाणवतात, १० मिलिअँपिअरच्या पुढे पकडलेली वस्तू सोडता येत नाही, आणि ३० च्या वर हृदयाला धोका सुरू होतो. हे आकडे एमसीबीच्या गावीही नसतात. त्यासाठी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी लागतो. जुने वायरमन त्याला अजून ईएलसीबीच म्हणतात. फेजने गेलेला करंट न्यूट्रलने पूर्ण परत आला नाही, म्हणजे मधेच कुठेतरी जमिनीत मुरला, की हा पडतो.

एक बारकावा इथे ध्यानात घ्यावा. आपल्याकडे मिळणारे कित्येक पंप दोन पिनांचे असतात, म्हणजे त्यांना अर्थिंगची तार नसतेच. टाकी काचेची, स्टँड लाकडी. पंप चिरला तरी गळणाऱ्या विजेला जमिनीकडे जायला रस्ता मिळत नाही, म्हणून आरसीसीबी शांत बसतो. तुम्ही हात घातला की रस्ता मिळतो आणि तेव्हा तो पडतो. जीव वाचतो, पण झटका बसतोच. हे टाळायचं तर पाण्यात टायटॅनियमची अर्थिंग सळई सोडतात आणि तिची तार सॉकेटच्या अर्थ पिनला जोडतात. मग गळती सुरू झाली त्याच क्षणी, हात घालण्याआधीच, आरसीसीबी पडतो. सळई टायटॅनियमचीच हवी. तांब्याचा तुकडा किंवा साधा खिळा टाकला तर तो विरघळतो, आणि तांब्याचा अंशही कोळंबी, गोगलगाय आणि ॲनिमोन यांना मारायला पुरतो. आरसीसीबी नसेल तर सळई टाकू नये, कारण गळती सापडायच्या ऐवजी ती बिनबोभाट वाहत राहते. आणि घरातलं अर्थिंगच मेलेलं असेल तर या सगळ्याचा उपयोग शून्य. मुंबई-पुण्याच्या जुन्या इमारतींत पाण्याच्या लोखंडी पाइपला अर्थिंग जोडलेलं असायचं. पाइप बदलून पीव्हीसी झाले, अर्थिंगची तार तशीच लोंबत राहिली. वायरमनकडून फेज ते अर्थ आणि न्यूट्रल ते अर्थ असे दोन्ही व्होल्टेज मोजून घ्या. पहिलं २३०च्या जवळ आणि दुसरं दोन-चार व्होल्टच्या आत असायला हवं.

आरसीसीबी आहे आणि तो सारखा पडतोय, अशा वेळी लोक एक भयंकर गोष्ट करतात: वायरमनला सांगून तो काढूनच टाकतात. ‘मासे मरतात हो, आम्ही गावाला गेलो की हा पडतो.’ तक्रार खरी आहे. त्यावरचा इलाज टाकीचा लोड विभागणं हा आहे. रिटर्न पंप एका आरसीबीओवर (म्हणजे एकाच खोक्यात आरसीसीबी आणि एमसीबी), वेव्हमेकर दुसऱ्यावर, हीटर किंवा चिलर तिसऱ्यावर. एक पडला तरी पाणी हलत राहतं. मुंबईच्या लोहार चाळीत किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत हे सगळं मिळतं. घेताना ‘ए’ टाइप मागा, कारण डीसी पंपांचे ॲडॉप्टर आणि एलईडी दिव्यांचे ड्रायव्हर असलेल्या घरात साध्या ‘एसी’ टाइपपेक्षा तो जास्त भरवशाचा.

पडण्याचं कारण शोधायची रीत अशी. टाकीचे सगळे प्लग उपटा. पुन्हा सांगतो, उपटा. न्यूट्रल आणि अर्थ आतून एकमेकांना टेकले असतील तर बटण बंद असूनही आरसीसीबी पडतो, आणि नुसती बटणं बंद करून शोध घेणारा माणूस दिवसभर चकतो. सगळं काढल्यावरही आरसीसीबी बसत नसेल तर दोष टाकीत नाही, घराच्या वायरिंगमध्ये आहे, वायरमन बोलवा. बसला, तर एकेक प्लग लावत जा आणि प्रत्येकानंतर थांबा. किती थांबायचं? पंपाला अर्धा तास द्या, कारण काही चिरा पंप तापून फुगल्यावरच उघडतात. हीटरचा थर्मोस्टॅट वर फिरवून तो खरोखर पेटलेला आहे याची खात्री करा; न पेटलेला हीटर निर्दोषच वाटतो. चिलरचा कॉम्प्रेसर सुरू व्हायची वाट बघा.

कधीकधी एकही उपकरण दोषी निघत नाही, पण सगळी लावली की आरसीसीबी पडतोच. प्रत्येक ॲडॉप्टर आणि एलईडी ड्रायव्हर आपल्या फिल्टरमधून अर्धा-एक मिलिअँपिअर अर्थमध्ये सोडत असतो. ३० चा आरसीसीबी १५ च्या पुढे कधीही पडू शकतो. त्याच आरसीसीबीवर घरातला फ्रिज, गीझर आणि वॉशिंग मशीनही असेल, तर पावसाळ्यातल्या दमट हवेत बेरीज सहज तिथे पोचते. इथेही उपाय विभागणीचाच.

पाण्यातला करंट मोजताना

मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून एक टोक पाण्यात आणि दुसरं चांगल्या अर्थिंगला लावलं, की निरोगी टाकीतसुद्धा २०-३०-४० व्होल्ट दिसतात. घाबरू नका. पंपाच्या कॉइलचं विद्युतक्षेत्र प्लास्टिकमधूनही पाण्यावर थोडा भार चढवतं, आणि डिजिटल मीटर इतका नाजूक असतो की तो भारही दाखवतो. त्यातून झटका बसण्याइतका करंट निघत नाही. ओळखायची खूण म्हणजे एकेक प्लग काढला की आकडा पायरीपायरीने, थोडा थोडा उतरतो. याउलट आकडा शंभरच्या वर असेल आणि एकाच उपकरणाचा प्लग काढल्यावर धाडकन कोसळत असेल, तर ते उपकरण चोर. मीटरवर ‘लो-झेड’ अशी खूण असलेली जागा असेल तर तीच वापरा. तिथे फसवा व्होल्टेज आपोआप नाहीसा होतो, खरा राहतो.

पक्की परीक्षा मेगरची, म्हणजे इन्सुलेशन मोजणाऱ्या मीटरची. वायरमनला सांगा: संशयित पंप मिठाच्या पाण्याच्या बादलीत बुडव, प्लगच्या फेज आणि न्यूट्रलच्या पिना एकत्र जोड, मेगरचं एक टोक त्यांना आणि दुसरं पाण्यात, ५०० व्होल्टवर. चांगला पंप कित्येक मेगाओम दाखवतो. १ मेगाओमच्या खाली आला तर पंप बाद. बाद म्हणजे बाद. त्याला एम-सील लावून, इन्सुलेशन टेप गुंडाळून परत पाण्यात सोडायचा नाही. चिरलेल्या इपॉक्सीतून तांब्याची वाइंडिंग पाण्याशी बोलायला लागली, की झटक्याचा धोका एकीकडे आणि तांब्याचं विष दुसरीकडे.

पंप उघडल्यावर

वीज निर्दोष ठरली, आता पंप. पण तो उघडण्याआधी समपमध्ये डोकावा. उन्हाळ्यात, त्यातही टाकीवर पंखा लावलेला असेल तर, पाणी भराभर उडतं आणि ती घट फक्त समपमध्ये दिसते. पातळी पंपाच्या तोंडापर्यंत उतरली की तो हवा ओढतो, खरखरतो आणि वरच्या टाकीत बारीक बुडबुडे सोडतो. आरओचं गोडं पाणी घातलं की प्रकरण मिटतं. खारं घालू नका. उडालेलं पाणी मीठ मागे ठेवून गेलेलं असतं.

साध्या एसी पंपाची रचना गमतीदार सोपी आहे. कॉइल इपॉक्सीत कायमची बंद, आणि पाण्यात फिरतो तो फक्त रोटर: एक गोल चुंबक, त्याच्या टोकाला इम्पेलर, मधून सिरॅमिकची दांडी. पुढची जाळी आणि झाकण काढा, इम्पेलर धरून सरळ ओढा. चुंबकाचा ओढा जाणवतो, मग तो सुटतो. ज्या पोकळीत रोटर बसतो तिच्या भिंतीवर बोट फिरवा. गुळगुळीत लागायला हवं. खरखरीत, पांढुरका, कधी तपकिरी थर लागला तर तो चुना, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. खाऱ्या टाकीत कॅल्शियम आणि अल्कलिनिटी मुद्दाम चढी ठेवलेली असते आणि मोटर गरम. चुना गरम जागी आधी बसतो. रोटर आणि भिंत यांच्यात फट कागदाच्या जाडीएवढीच. चालू पंप आपल्या वेगाच्या जोरावर त्या थरातूनही फिरत राहतो. लाईट जाऊन आली की त्याला थांबल्या जागेवरून सुरुवात करायची असते आणि तेवढा जोर त्याच्यात नसतो. म्हणून ‘कालपर्यंत मस्त चालत होता’ हे वाक्य प्रत्येक जण म्हणतो आणि प्रत्येकाचं खरं असतं.

चुना काढायला लिंबूसत्त्व, म्हणजे सायट्रिक ॲसिड, सगळ्यात बरं. लिटरभर कोमट पाण्यात ५०-६० ग्रॅम पुरतं. ते नसेल तर पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं. सुटे भाग अर्धा तास ते तासभर बुडवून ठेवा. बुडबुडे निघतात ते थांबले की जुन्या दात घासायच्या ब्रशने पोकळी घासा. मग नळाखाली भरपूर धुवा. शेवाळ घालवायला कोणी ब्लीचिंगचं पाणी वापरतं. ते आणि ॲसिड एका बादलीत कधीही एकत्र येऊ देऊ नये, विषारी क्लोरीन वायू निघतो. स्क्रू ड्रायव्हरने थर खरवडण्याचा मोह आवरा. पोकळीला ओरखडा पडला की पुढचा चुना तिथेच धरतो.

रोटर हातात आहे तोवर नीट पाहून घ्या. चुंबकावरचं प्लास्टिकचं आवरण कुठे फुगलेलं, तडकलेलं किंवा तांबूस डाग असलेलं दिसलं तर आत खारं पाणी शिरलंय आणि चुंबक गंजून फुगतंय. असा रोटर घासून बारीक करणारे महाभाग मी पाहिले आहेत. चार दिवस चालतो आणि टाकीत गंज सोडतो. नवा रोटर आणा. सिरॅमिकची दांडी टिचकी मारून पहा. ती खडूसारखी तुटते आणि तुटकी दांडी हेच कडकड आवाजाचं सगळ्यात साधं कारण. दांडीच्या टोकांना रबरी टोप्या असतात, सफाईत त्याच नेमक्या मोरीत वाहून जातात, म्हणून खाली गाळणं धरा. इम्पेलर चुंबकावर अर्धा वळसा मोकळा फिरतो, तो दोष नाही. पंपाला सुरुवातीचा धक्का मारता यावा म्हणून तशी सोय असते. तो मुळीच न फिरता घट्ट बसलाय, किंवा अडखळल्याशिवाय गरगर फिरतोय, तर बिघाड. ओ-रिंगला सिलिकॉन ग्रीस लावा. व्हॅसलिनने काही रबरं फुगतात.

आवाजावरूनही बरंच कळतं. घुमतोय पण फिरत नाही, म्हणजे वीज पोचते आहे आणि रोटर अडकला आहे: चुना, वाळूचा खडा, गोगलगायीचं पिल्लू. मुळीच घुमत नाही, गरमही होत नाही, म्हणजे वायर तुटली किंवा कॉइल जळाली. दुसऱ्या सॉकेटवर लावून पाहा आणि तिथेही गप्प असेल तर विषय संपला. वीस मिनिटं चालतो, बंद पडतो, तासाभराने आपोआप सुरू होतो, असं असेल तर आतला थर्मल कटआउट काम करतोय. हा पंप तापतो आहे आणि आधी सांगितलेल्या चिरेच्या वाटेवर आहे. त्याची सफाई उद्यावर टाकू नका.

पंप फिरतो पण पाणी कमी येतंय, असं वाटतं तेव्हा अंदाज सोडून बादली घ्या. रिटर्नचं तोंड १० लिटरच्या बादलीत सोडा आणि मोबाइलवर सेकंद मोजा. ३६००० ला सेकंदांनी भागलं की तासाचे लिटर मिळतात. बादली ३० सेकंदांत भरली तर १२००. खोक्यावरचा आकडा शून्य उंचीचा असतो. समपपासून टाकीच्या काठापर्यंत सव्वा-दीड मीटर चढ आणि दोन-तीन एल्बो असले की तो बराच घसरतो. नवा पंप बसवला त्या दिवशीचा तुमचा आकडा कॅबिनेटच्या दाराला आतून लिहून ठेवा आणि त्याच्याशीच तुलना करा.

स्किमरचा पंप वेगळा नाही, फक्त त्याच्या हवेच्या नळीत मीठ गोठतं. फेस कमी झाला की पंप खोलण्याआधी त्या नळीतून पेलाभर कोमट गोडं पाणी ओढू द्या. बहुतेक वेळा तेवढ्यावर भागतं.

डीसी पंप

२४ व्होल्टच्या डीसी पंपांत पाण्याकडचा भाग तसाच, पण बिघाड बहुधा कोरड्या बाजूला होतो. ॲडॉप्टर, कंट्रोलर, मधला जोड, या क्रमाने तपासा. ॲडॉप्टरचं टोक काढून मल्टिमीटरवर डीसी व्होल्ट मोजा, २४च्या जवळ यायला हवेत. येतात, पण पंप लावला की कोसळतात, तर ॲडॉप्टर थकला आहे. तेवढ्याच व्होल्टचा आणि तेवढ्याच किंवा जास्त अँपिअरचा दुसरा घ्या, पण निनावी स्वस्त माल घेऊ नका. २४ व्होल्टने जीव जात नाही हे खरं, पण २३० आणि २४ यांच्यामधली भिंत त्या ॲडॉप्टरच्या आतच आहे. जोडाच्या पिनांवर हिरवट पूड दिसली तर प्लग काढून आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि ब्रशने स्वच्छ करा, पूर्ण वाळल्यावरच जोडा. लाईट परत येते तेव्हाचा उसळलेला व्होल्टेज कंट्रोलर मारतो. जिथे वारंवार लाईट जाते तिथे पाच मिनिटं उशिरा वीज सोडणारा टाइमर लावणं पैसे वाचवतं.

तोवर माशांचं काय

खाऱ्या पाण्यात मुळातच गोड्यापेक्षा साधारण पाचवा हिस्सा ऑक्सिजन कमी मावतो, आणि पाणी तापलं की आणखी कमी. पाणी हललं पाहिजे, बाकी सगळं नंतर. बॅटरीवर चालणारा एअर पंप कायम कॅबिनेटमध्ये ठेवावा, सेल वेगळे काढून. तो नसेल तर स्वच्छ प्लास्टिकच्या मगने पाणी काढून हातभर उंचीवरून परत ओतत राहा, दर काही मिनिटांनी. अर्थात सगळे प्लग काढलेले असताना. खायला घालू नका. दिव्यांची घाई नाही. दोन दिवस अंधारात कोणी मरत नाही. पंप बारा-चौदा तास बंद राहिला असेल तर पाइपमध्ये अडकलेलं शिळं पाणी टाकीत सोडू नये. पंप सुरू करताना रिटर्नचं तोंड बादलीत धरा आणि कुजका वास असलेलं पहिलं पाणी मोरीत ओता.

पंप बंद असतानाच समपची पातळीही बघून घ्या. वीज जाते तेव्हा रिटर्न पाइपमधून पाणी उलटं खाली येतं. ते रोखायला पाइपला पाण्याच्या पातळीजवळ छोटं भोक ठेवलेलं असतं, हवा शिरून सायफन तुटावा म्हणून. भोक शेवाळाने बुजलं की समप भरून वाहतो, आणि समपखाली बोर्ड असेल तर पुन्हा पहिल्या परिच्छेदावर यावं लागतं. नॉन-रिटर्न व्हॉल्व्हवर भिस्त ठेवू नये, चुन्याने तोही अर्धा उघडाच अडकतो.

बोर्ड, वायर आणि मीठ

निम्मे बिघाड पाण्याबाहेर घडतात. बुडबुडे फुटताना उडणारा बारीक तुषार वाळतो आणि त्याचं मीठ कॅबिनेटभर बसतं. समुद्री मिठात मॅग्नेशियमचे क्षार असतात, ते हवेतला ओलावा ओढून घेतात. पावसाळ्यात मुंबई-कोकणात सॉकेटवरची ही पूड ओलसर होते आणि फेज-न्यूट्रलच्या मधल्या प्लास्टिकवरून वीज सरपटायला लागते. प्लगच्या पिना काळवंडणं, सॉकेटचं तोंड पिवळं पडणं, तळलेल्या माशासारखा वास येणं, ही तिची लक्षणं. असा सॉकेट पुसून वापरायचा नसतो, बदलायचा असतो.

बोर्ड पाण्याच्या पातळीच्या वर, टाकीच्या मागे नव्हे तर बाजूच्या भिंतीवर घ्या. प्रत्येक वायर सॉकेटमध्ये शिरण्याआधी सॉकेटच्या खाली वीतभर झोळ घेऊन वर गेली पाहिजे, म्हणजे वायरीवरून ओघळलेलं पाणी झोळाच्या तळाशी ठिबकतं. कॅबिनेटच्या भोकातून जात नाही म्हणून प्लग कापून वायर ओवणं आणि आत टेपचा जोड मारणं, हा प्रकार सर्रास चालतो. भोक मोठं करा. चिलरला वेगळा १६ अँपिअरचा पॉइंट द्या. मल्टिप्लगवर त्याला टांगू नका.

इन्व्हर्टरवर टाकी असेल तर दोन गोष्टी. स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर एसी पंप मोठ्याने घुमतात आणि जास्त तापतात. साइन वेव्हच घ्या. आणि इन्व्हर्टरवर गेलं की आरसीसीबी पडत असेल, तर वायरमनने इन्व्हर्टरचा न्यूट्रल घराच्या दुसऱ्या न्यूट्रलला जोडून टाकलाय का, हे आधी विचारा. पंपांवर संशय घेऊन ते सगळे खोलण्यापूर्वी हा एक फोन करावा.

दुरुस्त केलेला किंवा नवा पंप थेट टाकीत सोडू नये. मीठ घातलेल्या पाण्याच्या बादलीत आरसीसीबीच्या सॉकेटवर रात्रभर चालू द्या, मधेमधे प्लग काढून-लावून तो स्वतःहून सुरू होतो का हे पाहा. सकाळी आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबा. तो पडला, परत बसला आणि पंप पुन्हा फिरू लागला, की बादलीतून काढून समपमध्ये ठेवायला हरकत नाही. बटण दाबूनही पडला नाही, तर पंप बादलीतच राहू द्या आणि वायरमनला बोलवा.